दोनशे दहा पावलं

माझं माप चुकत नाही. मी मिरवायला सांगत नाही, हे शिवणाच्या कारखान्यातल्या मास्तरांनी सांगितलेलं आहे, आणि आमचे मास्तर कुणाचं कौतुक करण्यापेक्षा सुई गिळतील अशातले होते. चाळीस वर्षं मी गणवेश शिवले. पोलिसांचे, नर्सांचे, बसच्या वाहकांचे, शाळांचे. माणूस दारातून आत आला की त्याची कंबर किती हे मला टेप काढायच्या आधी कळायचं. धाकटी म्हणते, म्हणूनच माझ्याशी कुणी पोट आत ओढल्याशिवाय बोलत नाही. धाकटी म्हणजे माझी बहीण, आठ वर्षांनी लहान, आणि तिच्या जिभेला हाड नाही.

तर अशा मला एका माणसाने एकदा समुद्रकाठी भेटायला बोलावलं आणि तो आलाच नाही. त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. मध्ये माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, ती मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. ह्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. भला माणूस होता, छापखान्यात कामाला होता, घरी आल्यावरसुद्धा बोटांना शाई असायची, आणि मी चिडले की गुपचूप कांदा चिरायला घ्यायचा, म्हणजे डोळे कुणाचे का ओले झाले हा प्रश्न नको. पण त्या दुसऱ्यावरचा राग काही जाईना. काजं करताना, चहा गाळताना, मध्येच उसळी मारून वर यायचा. बोलावलंस ना रे? मग आला का नाहीस? आणि रागाच्या पाठोपाठ जे यायचं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याची आठवण यायची. नुसती आठवण नाही, जीव तुटायचा.

गेल्या महिन्यात धाकटीने फोनवर एक बातमी वाचून दाखवली. आमच्या जुन्या गावाजवळचा तो किनारा, लढाईच्या काळातली ती काँक्रीटची भिंत, तिथलं पक्ष्यांचं अभयारण्य. समुद्र दरवर्षी वाळू खातोय, भिंत कलायला लागली आहे, तेव्हा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून माणसांना तिकडे कायमची बंदी. सगळा पट्टा पक्ष्यांना देऊन टाकणार. बातमी वाचून झाल्यावर ती गप्प राहिली. धाकटी गप्प राहिली म्हणजे समजावं की तिने काहीतरी ठरवलेलं आहे. मी म्हटलं, मला काय त्याचं? ती म्हणाली, शनिवारची बस आहे, खिडकीची जागा तुला.

धाकटीला सगळं ठाऊक होतं. का नसेल? त्याने बोलावल्याचं ते पत्र तिनेच आणून दिलं होतं, चौदा वर्षांची असताना, मोज्यात लपवून.

आता पत्रापर्यंत कसं पोचलो ते सांगते. मी तेव्हा बावीस वर्षांची, मास्तरांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, मध्ये कापणीचं टेबल, भिंतीकडे सहा मशीन, आणि एकच मोठी खिडकी जिच्या उजेडासाठी आम्हा मुलींची रोज भांडणं. अभयारण्याच्या गार्ड लोकांचे नवे गणवेश आमच्याकडे आले होते. पाच गार्ड रांगेत उभे. मास्तर टेप धरून आकडा म्हणायचे, मी लिहायची. पाचवा इतका उंच की मास्तरांना मान वर करावी लागली. पायाची आतली लांबी साडेचौतीस, मास्तर म्हणाले, आणि मशीनवरच्या मुली खुदकन हसल्या. त्या दिवसापासून त्याचं नाव लांब्या पडलं. मीही तेच म्हणायची, पुढे त्याच्या तोंडावरसुद्धा.

गणवेश घेऊन गेला आणि आठ दिवसांत परत. पँट अर्धा इंच तोकडी आहे म्हणाला. माझं डोकंच फिरलं. मापून दाखवली, बरोबर होती. पुढच्या आठवड्यात खिशाचं तोंड अरुंद. मग बटण. चौथ्यांदा पुन्हा तोकडी पँट घेऊन आला तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही पँट तोकडी नाही, नव्हती आणि होणारही नाही.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

मशीन सगळी एकदम थांबली होती. मी खडूने टेबलावर रेघा मारत बसले, कापड नसताना.

वर्षभर असं चाललं. रविवारी कारखान्याच्या मागच्या पायरीवर तो यायचा, मी काज करत बसायची, तो पक्ष्यांचं सांगायचा. कुठला पक्षी वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो, कुठला माणूस जवळ आला की पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेतो. मी ऐकत नाही असं दाखवायची. मग त्याची बदली निघाली. दोन दिवसांच्या प्रवासावरच्या किनाऱ्यावर. आणि ते पत्र आलं. ते मी अजून घडाघडा म्हणून दाखवते.

“शुक्रवारी चार वाजता ये. तोफेच्या खोलीच्या दारापासून भिंतीच्या कडेने उत्तरेकडे माझी मोजून दोनशे दहा. तिथल्या कोनाड्यात असेन. आलीस तर शनिवारी बदली रद्द करायचा अर्ज देतो आणि तुझ्या वडिलांना भेटतो. नाही आलीस तर तुझं उत्तर समजलो. पुन्हा विचारून तुला अडचणीत टाकणार नाही.”

तोफेची खोली सगळ्यांना माहीत होती, तिथे शाळेच्या सहली येत, म्हणून भेटायला लांबची जागा. पण भिंतीत टेहळणीचे कोनाडे एकामागून एक, सारख्या अंतरावर, सगळे एका साच्यातले. कुठला कोनाडा हे सांगायला त्याने पावलं दिली. आणि मी बसले हिशोब करत. साडेचौतीस इंच पायाचा माणूस वाळूत चालला तर पाऊल तीस इंचांचं पडणार. माझं चोवीसचं. दोनशे दहा गुणिले तीस, भागिले चोवीस. दोनशे बासष्ट आणि अर्धं. कापणीच्या टेबलावर खडूने मांडून दोनदा पडताळलं आणि पुसून टाकलं.

शुक्रवारी पावणेचारला तोफेच्या दारापासून निघाले आणि दोनशे बासष्ट पावलं टाकली. ते अर्धंसुद्धा टाकलं, हसू नका. समोर बरोबर कोनाडा, दारापासून तिसरा. एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. मला इतका आनंद झाला की तो अजून आला नाही याचं काही वाटलं नाही. आत बसले. चारचे साडेचार झाले, पाच झाले. पुढे भिंत वळत होती आणि वळणावर वाळूची मोठी टेकडी होती, गवताने भरलेली, तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. गार्ड लोकांची घरं त्याच बाजूला, म्हणून मी टेकडीकडे डोळे लावून बसले. गिऱ्हाइकासाठी दहा मिनिटं न थांबणारी बाई मी, सहा वाजेपर्यंत थांबले. सहाला उठले, स्कर्टची वाळू झटकली आणि सरळ घरी. धाकटी दारात उभी, घरच्यांना सांगायच्या थापा पाठ करून तयार. माझं तोंड बघून ती बाजूला झाली. रात्री मी कात्रीने त्या पत्राच्या चिंध्या केल्या.

शनिवारी तो गेला. मी पत्र टाकलं नाही, निरोप धाडला नाही. त्याने बोलावलं आणि तोच आला नाही, मग मी का विचारू? मी एक कार्ड टाकलं असतं तर माझे काय हात झडले असते का? पण तेव्हा माझ्या नाकावर राग होता आणि तो खाली उतरायला जागा नव्हती. सात महिन्यांत माझं लग्न झालं.

हे सगळं बसमध्ये धाकटीने पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. मग विचारलं, तुला तिथे जाऊन नक्की काय करायचंय? मी म्हटलं, त्या कोनाड्यात उभं राहून त्याला चार शिव्या घालायच्या आहेत, म्हणजे मोकळी होईन. ती म्हणाली, चारच? आणि डबा उघडून मला बिस्किट दिलं.

गावात उतरलो. कारखान्याच्या जागी आता मोबाईल दुरुस्त करतात. मोठी खिडकी तीच आहे, तिला मोबाईलच्या कव्हरांची झालर लावली आहे. मागे जाऊन पाहिलं तर पायरी होती, मधोमध झिजलेली. धाकटी म्हणाली, बस घटकाभर. मी म्हटलं, कशाला, घाण आहे. पण मी रुमाल पसरला आणि बसले.

दुपारी अभयारण्याच्या कचेरीत गेलो. एक खोली, टेबल, भिंतीवर पक्ष्यांची चित्रं, एका कपाटात लढाईतल्या गंजलेल्या वस्तू: शिरस्त्राण, पाण्याची बाटली, एका बुटाचा तळ. तिथला गार्ड पन्नाशीचा, डोक्यावर एक केस नाही, कमरेला चाळीस, शर्ट खांद्यात ओढलेला. मला मावशी म्हणाला. माझ्याहून जेमतेम पंधरा वर्षांनी लहान असेल. धाकटीला मात्र ताई म्हणाला, आणि ती दिवसभर तेवढ्यावर खूश.

भिंतीवर जुन्या गार्ड लोकांचा फोटो होता. मी चष्मा पुसला. मागच्या रांगेत तो, सगळ्यांपेक्षा डोकं वर, माझ्या हातच्या शर्टात. कॉलर जरा उडालेली होती, ती बघून मला अजून चुटपुट लागली. गार्डला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, हे फार आधीचे, माझ्या गुरूंचे सोबती. इथून बदलून गेले, तिकडेच स्थायिक झाले, मुलगी शिकून डॉक्टर झाली. दहा-बारा वर्षं झाली त्यांना जाऊन.

मेलासुद्धा. म्हणजे आता विचारायचं कुणाला? इतकी वर्षं मला वाटत होतं, कधीतरी कुठल्यातरी बस-स्टँडवर हा समोर येईल, वाकलेला, काठी टेकत, आणि मी त्याला सोडणार नाही. ते सगळं भाषण माझं तयार होतं. धाकटीने माझं कोपर धरलं.

खालच्या फळीवर जुन्या नोंदवह्या होत्या. बघू का विचारलं तर गार्ड म्हणाला, बघा की, तशाही आता वरच्या कचेरीत जाणार आहेत. मला वर्ष माहीत, महिना माहीत, तारीख माहीत. पान सापडायला दोन मिनिटं लागली नाहीत. अक्षर त्याचंच, डावीकडे कलणारं. रोजच्या नोंदी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या: अमुक कोनाडा, इतके पक्षी, पुढचा कोनाडा. आणि त्या शुक्रवारी ही एवढी एकच ओळ: “चार ते साडेसात. सहावा कोनाडा. टिटव्या चार, कुरव एक. अंधार पडेपर्यंत थांबलो.”

मी वही मिटली. इतक्या जोरात मिटली की गार्डने वर पाहिलं. सहावा कोनाडा! मी तिसऱ्यात वाट बघत बसलेली, आणि हा तीन कोनाडे पलीकडे टिटव्या मोजतोय. म्हणजे अडला नव्हता, आजारी नव्हता, साहेबाने पकडून ठेवला नव्हता. त्रेचाळीस वर्षांत मी त्याच्यासाठी किती सबबी शोधल्या होत्या, एकही त्याने खरी ठरू दिली नाही. धाकटीला मी सांगितलं की चल, परत जाऊ, मला नाही बघायची ती भिंत. ती म्हणाली, चार शिव्या घालायच्या होत्या ना, आता आठ घाल, पण चल. शिवाय गार्ड चारच्या मोजणीला निघालाच होता आणि एकट्याने तिकडे कुणाला सोडत नाहीत. निघालो.

तोफेच्या खोलीचं दार आता अर्धं वाळूत गेलं आहे, वाकून आत डोकवावं लागतं. आत ओल, आणि वरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी. तोफ कधीच गेली, ती ज्यावर फिरायची ते लोखंडी कडं तेवढं जमिनीत राहिलं आहे. दाराशी गार्डने टाच टेकवली आणि चालायला लागला. मी त्याच्यामागे, धाकटी माझ्यामागे. समुद्र डाव्या हाताला. ओहोटी होती, ओली वाळू लांबवर चकाकत होती आणि सुरय पक्षी ओरडत पाण्यावर झेपा घेत होते. वारा सुखाचा होता. मला तो किनारा किती आवडायचा हे मी विसरले होते, रागाच्या भरात तेही टाकून दिलं होतं.

पावलं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, पण सवय जाईल तर शपथ. पहिला कोनाडा आला, माझी सत्त्याऐंशी झाली. पुढे गार्ड ओठांत पुटपुटत होता, त्याने वहीत टिपलं: सदतीस. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दुसऱ्या कोनाड्याशी माझी एकशे पंचाहत्तर, त्याची पंचाहत्तर. हा माणूस पक्षी मोजतो आणि याला पावलं मोजता येत नाहीत! तिसरा कोनाडा आला. माझा कोनाडा. माझी दोनशे बासष्ट आणि वर ते अर्धं, आणि गार्ड म्हणतो एकशे बारा.

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्याला सुनावलं. म्हटलं, तुमचं पाऊल अठ्ठावीस इंचांचं आहे, मी मागून बघतेय. दारापासून इथवर तुमची सव्वादोनशे व्हायला हवीत, एकशे बारा कुठून आणलीत?

तो हसायला लागला. राग नाही आला त्याला, उलट गंमत वाटली.

“मावशी, आम्ही उजवं पाऊल तेवढं मोजतो. डावं मोजत नाही.”

असं का, ते मी विचारायच्या आधीच त्याने आपणहून सांगितलं. वाळूत मैलोन् मैल चालायचं, प्रत्येक पाऊल मोजत बसलं तर पक्ष्यांकडे कोण बघणार? म्हणून दोन पावलांचं एक. नवा गार्ड आला की पहिल्याच दिवशी हे शिकवतात. त्याला त्याच्या गुरूंनी शिकवलं, गुरूंना त्यांच्या आधीच्यांनी. पुढे पुढे इतकं अंगवळणी पडतं की घरीसुद्धा तसंच मोजलं जातं. बाहेरच्यांना सांगायचं लक्षातच राहत नाही, तो म्हणाला. बायकोला एकदा दुकानाचा पत्ता सांगितला होता, ती बिचारी अर्ध्यातून परत आली.

धाकटी हसली आणि मध्येच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं.

दोनशे दहा. दुप्पट. तिसरा नाही, सहावा. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. अहो, मी आयुष्यभर कापड दुमडून कापलं. दुमडीवर दहा घेतलं की उलगडल्यावर वीस होतं, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची. जी चुकेल तिला सगळ्यांसमोर बोलायची. त्याने पत्रात लिहिलं होतं, माझी मोजून. मी त्याचा पाय मोजला, पाऊल मोजलं, भागाकार केला, आणि तो मोजतो कसा हे विचारलं नाही. वर्षभर रविवारी पायरीवर बसून तो बोलत होता, एकदा तरी सांगितलं असेल, मी ऐकत नाही असं दाखवत होते ना!

आणि तो चारपासून साडेसातपर्यंत बसला होता. मी सहाला उठले. तो अंधार पडेपर्यंत थांबला. टिटव्या चार आणि कुरव एक, एवढ्यासाठी साडेतीन तास कुणी बसतं का? मग तो उठला असेल, वाळू झटकली असेल, आणि समजला असेल की माझं उत्तर नाही असं आहे. पुन्हा विचारून अडचणीत टाकणार नाही म्हणाला होता, शब्दाचा पक्का, नाही विचारलं. मी आले नाही असं समजून तो गेला, आणि तसंच समजून मेला. मला जे त्रेचाळीस वर्षं वाटत होतं तेच त्यालाही वाटलं असेल. पायरीवर बसून जी मुलगी काज करत होती तिने साधी यायची तसदीही घेतली नाही, असं वाटलं असेल.

मी वर पाहिलं. पुढे ती टेकडी नव्हती. गवताची ती मोठी टेकडी समुद्राने खाऊन टाकली होती, मागमूस ठेवला नव्हता. भिंत समुद्राकडे वळत गेलेली स्पष्ट दिसत होती. चौथा कोनाडा, पाचवा, आणि पाण्याच्या बाजूला कललेला सहावा. इथून सरळ दिसत होता. तेव्हा असा दिसला असता तर मी नुसती हाक मारली असती.

चार पावलांवर दोर बांधला होता. मी दोराकडे निघाले. गार्ड आडवा आला. मावशी, पुढे नाही जाता येणार. मी म्हटलं मला सहाव्या कोनाड्यापर्यंत जायचं आहे, फक्त जाऊन येते. तो म्हणाला, कुणालाच नाही सोडत, घरटी आहेत. मी वाद घालायला तोंड उघडलं. त्याने बोट दाखवलं. दोरापलीकडे दीड हातावर वाळूत एक खळगा आणि त्यात तीन अंडी, वाळूच्याच रंगाची. तो बोलला नसता तर माझा पाय त्यांच्यावरच पडला असता. तो म्हणाला की पिल्लं उडायला महिना लागेल. आणि एक तारखेपासून तर कायमचंच बंद. मी चाळीस वर्षं गणवेश शिवलेत, गणवेशातला माणूस कधी ऐकणार नाही ते मला कळतं. धाकटीने त्याला बाजूला नेऊन काहीबाही सांगायचा प्रयत्न केला. तो नम्रपणे नाही म्हणाला. मी तिला परत बोलावलं.

मग मी त्याला विचारलं की तुम्ही कुठवर जाणार? तो म्हणाला, सहाव्यापर्यंत, रोजची मोजणी तिथूनच होते.

“मग माझं एक काम करा,” मी म्हटलं. “तिथे पोचलात की बसण्याआधी थोडा वेळ नुसते उभे राहा. मला इथून दिसेल असे.”

का, हे त्याने विचारलं नाही. शहाणा माणूस. म्हणाला, ठीक आहे मावशी. दोराखालून वाकून गेला आणि खाली बघत, घरट्यांना वळसा घालत, भिंतीच्या कडेने चालायला लागला. मी मोजत होते. या वेळी फक्त उजवं पाऊल. एकशे तेरा, एकशे चौदा. धाकटी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. चौथा कोनाडा गेला. पाचवा गेला. तो लहान लहान होत गेला, मग खांदे दिसेनात, कंबर दिसेना, गणवेशाचा रंग तेवढा राहिला. दोनशे पंचवीस.

तो सहाव्या कोनाड्यापाशी वळला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. लांबून उंची कळत नाही. एक गार्ड तिथे उभा होता आणि मी इथे, आणि मध्ये काही नव्हतं.

“आला होता गं,” मी धाकटीला म्हटलं.

ती रडत होती, मूर्ख, माझ्याआधी. मी पर्स तिच्या हातात दिली, कोनाड्यापासून पुढे दोराला चिकटून उभी राहिले, म्हणजे लांबून नीट दिसेन. आठ शिव्या घालायच्या होत्या. एकही आठवेना. इतक्या वर्षांत त्याला विचारायचं म्हणून जे साठवलं होतं ते सगळं निघून गेलं आणि सांगायचं तेवढं उरलं.

“मी आले होते रे,” मी ओरडले.

वारा समोरून होता. शब्द त्याच्यापर्यंत पोचले नसावेत, पण काहीतरी ऐकू गेलं असणार. गार्डला वाटलं आपल्यालाच हाक मारली, त्याने टोपी काढून हलवली. धाकटी म्हणाली, ताई, पुरे आता, चल.

मी पुन्हा ओरडले, पहिल्यापेक्षा मोठ्याने.